तीस हजार एकतीस

"आई, नीट उत्तर दे ना," मुलगा म्हणाला. माझ्या घराची किल्ली त्याच्या खिशात होती आणि मला ती परत हवी होती.

न्हाणीघरात पाय घसरला, डोक्याला टाके पडले, एवढंच. पण मी दवाखान्यात पडून होते तेवढ्यात पोरानं आणि सुनेनं ठरवूनही टाकलं, की हिला आता एकटं ठेवायचं नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे का ते तपासून डॉक्टरणीनं मान हलवायची तेवढी बाकी होती. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आणि ही कालची पोर मला म्हणते, शंभरातून सात सात वजा करत जा.

"शेवटी दोन उरतात," मी म्हटलं. "पुढचं विचारा."

"मधल्या पायऱ्या सांगा, आजी."

"त्या तुम्ही करा."

तिनं कागदावर फुली मारली. सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. माझं टाळकंच सरकलं. मनगटावर रुग्ण क्रमांकाची पट्टी होती, ती मी डॉक्टरणीच्या नाकासमोर धरली. ३००३१.

"हा घ्या. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार तीस हजार तीस. त्यात एक मिळवला की हा. त्या सहांपैकी कुणानंही भागलं तरी एक उरतोच. म्हणजे मूळ संख्या. कुणाच्या बापाला हिची वाटणी करता यायची नाही."

तिनं फोनवर बोटं फिरवली आणि हळूच म्हणाली, "आजी, मूळ नाहीये ही. भाग जातो."

मुलानं मान खाली घातली. माझे कान तापले. सहांनी भाग गेला नाही म्हणून कुणानंच जाणार नाही असं नसतं, हे मीच वर्गात घसा फोडून सांगत आले होते. लाज वाटली, खूप वाटली.

"कितीनं जातो ते—"

"सांगू नका. फोन पालथा ठेवा."

"आई, जाऊ दे आता."

"तू गप्प बस."

सतरानं नऊ उरले. एकोणिसानं अकरा. तेविसानं सोळा, एकोणतिसानंही सोळाच. परिचारिका गोळ्या घेऊन आली, तिला हातानंच थांबवलं. सत्तेचाळिसाला दोनानं हुकलं, तेव्हा वाटलं सोडून द्यावं. नाही सोडलं.

"एकोणसाठ," मी म्हटलं. "एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ. पाचशे नऊ साठदा घ्या आणि एकदा काढून टाका."

डॉक्टरणीनं फोनला हात लावला नाही. कागदाच्या कोपऱ्यात तिनं स्वतः गुणाकार केला आणि मग ती मघाची फुली खोडली.

"पण पुन्हा पडलीस तर?" मुलानं विचारलं.

"पडेन. आत्ता चुकले, तशी घरीही चुकेन. माझं मी निस्तरीन, आणि नाहीच जमलं तर हाक कुणाला मारायची तेही मीच ठरवीन. किल्ली आण."

त्याचा हात खिशातच राहिला. शेवटी सून उठली, त्याच्यापुढे तळवा धरून उभी राहिली, आणि त्यानं दिलेली किल्ली तिनं माझ्या हातावर ठेवली.