सीमेवरच्या गावाचे घड्याळ

“मॅडम, मी एवढंच विचारतोय,” टेबलावरच्या स्पीकरमधून पुण्याच्या ऑफिसातल्या प्रेमचा आवाज आला, “मेक्सिकोतल्या हुआरेझ साइटची ती टिक कुणी काढून टाकली?”

उमादेवींनी हातातले पेन खाली ठेवले. फोनवर बोलताना दुसरे काही करायचे नाही, ही त्यांची चौतीस वर्षांची शिस्त. त्यांनी घसा साफ केला आणि तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून शिवराज बोलला.

“सर, ते मावशींकडून राहून गेलं. वय झालंय त्यांचं. मी समजावतो त्यांना.”

प्रेम म्हणाला, “ठीक आहे. मग रिपोर्टमध्ये तसं टाकतो. ऑपरेटरची चूक. आणि यापुढे हे काम त्यांच्याकडे नको.”

“नाही देत, सर.”

शिवराजने कॉल बंद केला आणि तो स्पीकरची वायर गुंडाळू लागला. ती गुंडाळण्याची काहीएक गरज नव्हती.

लोहाऱ्यात तहसील कचेरीसमोर, खताच्या दुकानाच्या माडीवर शिवराजचे हे ऑफिस होते. सहा माणसे, सात संगणक. पंपांचे सुटे भाग बनवणारी एक परदेशी कंपनी, तिचे बारा देशांत कारखाने, आणि त्या सगळ्यांच्या टेलिफोनची यंत्रणा पुण्यामार्फत या माडीवरून सांभाळली जाई. फोन किती वाजेपर्यंत वाजायचा आणि किती वाजता ‘कार्यालय बंद आहे’ असे सांगायचे, हे यंत्रणेतल्या घड्याळावर ठरे. घड्याळाची कटकट अशी, की काही देश उन्हाळा आला की ते तासभर पुढे ढकलतात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी मागे आणतात. काही मुळीच ढकलत नाहीत. आणि जे ढकलतात त्यांचेही दिवस एक नाहीत. यंत्रणेत प्रत्येक साइटच्या, म्हणजे कारखान्याच्या, पानावर त्यासाठी एक चौकोन होता. त्यात टिक केली की घड्याळ ठरल्या दिवशी आपोआप सरके. नाही केली तर जागच्या जागी राही.

बाकीच्यांना हे काम कंटाळवाणे वाटे. उमादेवींनी ते मागून घेतले होते. उभी हयात त्यांनी लोहाऱ्याच्या टेलिफोन एक्सचेंजच्या बोर्डवर काढली होती. सरकारने स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी बसवले, पण त्यांना बसणे जमेना. कुठे टिक करायची आणि कुठे नाही, याच्या पुण्याहून येणाऱ्या तक्त्यावर त्या कधी विसंबल्या नाहीत. घड्याळे बदलायच्या आधी प्रत्येक साइटला स्वतः फोन लावायचा, तिथे टेलिफोनवर बसणाऱ्या बाईला विचारायचे, आणि लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरात लिहायचे: तारीख, वेळ, कोण बोलले, काय म्हणाले. शेवटच्या रकान्यात आपली आद्याक्षरे. एक्सचेंजमध्ये असेच करीत. कानाने ऐकलेले आणि सहीनिशी लिहिलेले, यापरता पुरावा नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. “मावशी, मेल करत चला. रजिस्टर कोण बघतंय?” असे शिवराज म्हणे. त्या मेल करीत नसत.

मेक्सिकोने घड्याळ सरकवणे सोडून दिले होते. तक्त्यात तसे स्वच्छ लिहिले होते: मेक्सिको, टिक नको. पण उमादेवींनी नकाशा उघडला आणि त्यांचे बोट हुआरेझवर थांबले. गाव अमेरिकेच्या सीमेला अगदी खेटून. त्यांचे माहेर उमरग्याच्या खाली, कर्नाटकाच्या हद्दीवर. सातबारा महाराष्ट्राचा, आणि बाजार, सोयरीक, दवाखाना सगळे हद्दीपलीकडच्या आळंदला. अशा गावाचा दिवस राजधानीच्या हुकमाने उगवत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. शुक्रवारी संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तिथे सकाळी सातला, त्यांनी फोन लावला. लुपे नावाची बाई होती. दोघींचेही इंग्रजी बेताचे, पण काम भागले. आमचे घड्याळ नदीपलीकडच्या अमेरिकेबरोबर चालते, परवा रविवारी पुढे जाणार, असे लुपेने सांगितले. उमादेवींनी टिक केली, रजिस्टरात नोंद केली, पुढे उ. दे. लिहिले.

शनिवारी पुण्याहून निरोप आला, की सगळे तक्त्याप्रमाणे आहे का ते पाहा. शिवराजने पाहिले आणि हुआरेझची टिक काढून टाकली. सहाही जणांना मिळून एकच लॉगिन होते, त्यामुळे ती कुणी काढली हे यंत्रणेला ठाऊक नव्हते. सोमवारी हुआरेझचा कारखाना उघडला, आणि पहिला तासभर आलेला प्रत्येक फोन ‘कार्यालय बंद आहे’ हे ऐकून परत गेला.

आज मंगळवार होता.

“ती वायर ठेव खाली,” उमादेवी म्हणाल्या.

“मावशी, ऐका जरा.”

“ऐकायलेय. टिक कुणी काढली?”

“मीच काढली. तक्त्यात तसं होतं.”

“काढताना मला विचारलंस?”

“तुम्ही घरी होता.”

“घर काय सोलापुरात हाय? ह्या खिडकीतून हाक मारली तर ऐकू येतंय.”

पलीकडच्या संगणकावर बसलेल्या तहरीमची बोटे थांबली. ती उमादेवींच्या शेजारणीची, बेगमबीची, मुलगी. शिवराजने आवाज खाली आणला.

“महिनाअखेरीला काँट्रॅक्टची मुदत सरतीय. माझं नाव लागलं असतं तर पुण्यानं कामच काढून घेतलं असतं. सहा घरं हायत ह्याच्यावर. तुमचं काय, मावशी? तुमची नोकरी होऊन गेली. तुम्हाला काय फरक पडतोय?”

“फरक,” उमादेवी म्हणाल्या, आणि त्यांनी टेबलावरचे रजिस्टर जवळ ओढले.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर तीन दिवस त्या बोर्डवरून उठल्या नव्हत्या. कचेरीतून गावोगावच्या मृतांच्या याद्या येत आणि त्या बाहेरगावच्या नातेवाइकांना फोनवर वाचून दाखवीत. सास्तूरच्या यादीत सतराव्या ओळीवर त्यांच्या पाठच्या बहिणीचे नाव होते. त्यांनी ते वाचले, अठरावे वाचले, एकोणिसावे वाचले, आणि यादी संपल्यावर रजिस्टरात वेळ टाकून सही केली. बहिणीचे तीन वर्षांचे पोर ढिगाऱ्यातून जिवंत निघाले. ते त्यांनी घरी आणले, न्हाऊमाखू घातले, शाळेत बसवले, शिवराज म्हणून चारचौघांत उभे केले. चौतीस वर्षांत त्यांच्या नावापुढे एक शेरा नव्हता. पहिला आज लागला, आणि तो या पोराने लावला.

“रजिस्टर उघडून पुण्याला वाचून दाखवायला मला दोन मिनिटं लागतील,” त्या म्हणाल्या.

शिवराजने वायर टेबलावर ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर भीती असती तरी एक वेळ त्यांनी सोसले असते. पण तो निर्धास्त होता. मावशी आपल्याला खोटे पाडणार नाही, हे तो जाणून होता, आणि तेवढ्या भरवशावरच त्याने त्यांचे नाव पुढे केले होते.

उमादेवींनी रजिस्टर काखेत घेतले.

“मावशी, ते ऑफिसचं हाय.”

“कापड माझं, शाई माझी, अक्षर माझं. ऑफिसचं काय हाय ह्यात?”

त्यांनी पायऱ्या उतरताना कठड्याला हात लावला नाही.

पाडवा त्या वर्षी मार्च महिन्याच्या शेवटच्या रविवारी आला. सूर्य उगवता उगवता गुढी उभी राहिलीच पाहिजे, या बाबतीत उमादेवी कुणाचे ऐकत नसत. सहा वाजता न्हाऊन त्या गच्चीवर आल्या होत्या. कळकाची काठी धुऊन ठेवलेली, खण, कडुनिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, घासून लख्ख केलेला तांब्या. काठी हातात घेतली आणि फोन वाजला. घड्याळात सहा वाजून बारा मिनिटे झाली होती.

“मावशी, पाडव्याच्या शुभेच्छा,” शिवराज म्हणाला. त्या माडी उतरल्यापासून एकोणीस दिवसांनी तो बोलत होता.

“काय अडलंय?”

“साडेसहाला युरोपचं घड्याळ पुढं जातंय. जर्मनी, इंग्लंड झालं. इस्तंबूल अन् टँजियरचं कळंना झालंय. तक्त्यात दोन्हीला टिक हाय, पण मागचं बघून धीर होईना.”

“तिथं फोन लाव.”

“रविवारी कोण उचलतंय?”

उमादेवी काठी धरून उभ्या राहिल्या. काहीच करायला नको होते. नुसते ‘मला काय ठाऊक’ म्हटले असते तरी उद्या सकाळी दोन कारखान्यांचे फोन भलत्याच वेळेला बोलले असते, पुण्याने विचारले असते, आणि या खेपेला शिवराजच्या शेजारच्या खुर्चीत म्हातारी मावशी नव्हती. हे त्यालाही कळत असावे. त्याचा श्वास जवळून ऐकू येत होता.

पण बोर्डवर आलेला कॉल त्यांनी कधी अर्ध्यावर तोडला नव्हता. काठी भिंतीला टेकवून त्या खाली आल्या आणि त्यांनी रजिस्टर उघडले.

“लिहून घे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज आपोआप एक्सचेंजचा झाला, एकेक शब्द सुटा. “इस्तंबूल. नोंद पाच मार्च. तुर्कस्तानात घड्याळ सरकवत न्हायत. टिक काढ. टँजियर. नोंद पाच मार्च. मोरोक्कोचं घड्याळ रमजानात तासभर मागं ठेवतेत, ईद झाली की पुढच्या रविवारी पुढं आणतेत. युरोपबरोबर न्हाय. टिक काढ, अन् सहा एप्रिलला हातानं पुढं कर.”

“ईदच्या हिशोबानं घड्याळ?”

“तहरीम बसती की तुझ्या शेजारी. तिचे रोजे चालू हायत. तिला तरी विचारायचं होतंस.”

कळफलकाची टकटक ऐकू आली. “झालं, मावशी. दोन्ही काढल्या. सहा अठ्ठावीस. बरं झालं, वेळेत झालं.”

“आता कुणी सांगितलं ते लिही.”

“कुठं?”

“पुण्याला कळवशील त्यात.”

 शिवराज हळू म्हणाला, “त्यात नावाचा रकाना नसतोय, मावशी.”

“चुकीला होता की.”

  पलीकडून लाइन बंद झाली.

त्या वर आल्या तेव्हा ऊन तहसीलच्या पत्र्यावर उतरले होते. शेजारच्या गच्चीवर बेगमबी धुणे वाळत घालीत होती.

“क्या हुआ बाई? तुमची गुढी अन् उशीर?”

“एक कॉल होता,” उमादेवी म्हणाल्या.

त्यांनी खण नेसवला, डहाळा आणि गाठी बांधली, तांब्या पालथा घातला आणि एकटीनेच काठी उचलून कठड्याला बांधली. हळदकुंकू वाहिले. नमस्कार केला. मग त्या खाली आल्या, पाटावर बसल्या आणि त्यांनी रजिस्टर पुढे ओढले. तारीख लिहिली. वेळ, सहा बारा ते सहा अठ्ठावीस. कोण बोलले: शिवराज. काय विचारले: इस्तंबूल, टँजियर. काय सांगितले, तेही ओळीत बसेल असे बारीक अक्षरात लिहिले.

शेवटच्या रकान्यात उ. दे. लिहून, शाई वाळेपर्यंत त्या पानाकडे पाहत बसून राहिल्या. मग त्यांनी रजिस्टर मिटले आणि फळीवर, तांदळाच्या डब्याशेजारी ठेवून दिले.