आर्नीची फेरी

"जा बिनधास्त," म्हणत आर्नीने मोटरहोमच्या पाठीवर थाप मारली, आणि गाडी निघाली ती विजेचा खांब सोबत घेऊनच.

खांब तसा कमरेइतकाच, लाकडी. त्यावरच्या पेटीत गाडीची केबल खोचलेलीच राहिली होती. कडाड आवाज झाला तेव्हा त्याची बायको व्हर्ना न्हाणीघर घासत होती. ती ब्रश हातात घेऊनच धावत आली. कुणाला लागलं नव्हतं. गाडीवाला भला माणूस, चूक आपलीच म्हणून तो खाली मान घालून उभा राहिला. केबल काढायची त्यानेच, हे खरं. पण टॅमरॅक तळ्याकाठच्या या सरकारी कॅम्पग्राउंडवरून, म्हणजे फिरत्या घर-गाड्यांच्या तळावरून, आर्नीच्या फेरीशिवाय एकही गाडी हलत नसे. पायरी उचलली का, छतावरचा अँटेना उतरवला का, पाण्याची नळी सुटली का, हे बघत तो गाडीला एक चक्कर मारायचा आणि मग थाप द्यायचा. थाप पडली की लोक डोळे मिटून गाडी सोडत.

"काळी केबल, त्यात झाडाची सावली," आर्नी म्हणाला. "कशी दिसणार?"

केबल पिवळीधमक होती. व्हर्नाने केबलकडे पाहिलं, मग आर्नीकडे.

हा नवरा-बायकोचा जोडीने तळ सांभाळण्याचा अकरावा उन्हाळा. बर्फ वितळलं की ट्रेलर घेऊन यायचं, फाटकाजवळच्या पहिल्या जागेत मुक्काम टाकायचा, आणि बर्चची झाडं पिवळी पडली की गावातल्या दोन खोल्यांत परतायचं. त्या खोल्यांत आर्नी खिडकीशी बसून मे महिन्याची वाट बघे. व्हर्ना त्याला हसे, पण वाट तीही बघत असे. इथे सकाळी तळ्यावरून धुकं उठताना कुणीतरी पेला घेऊन यायचं आणि म्हणायचं, मावशी, कॉफी आहे का शिल्लक? गावात तसं कुणी विचारत नव्हतं.

आणि नेमकी आजच काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीतली शेरिल पेल्की यायची होती, पुढच्या वर्षीचं या दोघांचं काम पक्कं करायला. व्हर्नाला सगळा उन्हाळा आठवू लागला. आर्नी हल्ली बोलताना मान तिरकी करायचा. परवा कॉफी पेल्याच्या शेजारी ओतली, वर "टेबल वाकडं आहे" म्हणाला. तिने टेबलाखाली पुठ्ठ्याची घडीसुद्धा घातली होती. आपल्या अकलेची तिला कीव आली.

शेरिल दुपारी आली. आधी तिने आडवा झालेला खांब पाहिला, मग खुर्चीत बसून व्हर्नाने पुढे केलेल्या वेलदोड्याच्या पावाचा तुकडा तोंडात टाकला.

"तिकडे मोठ्या सरोवराकाठी आमचा नवा तळ आहे, चकाचक," ती म्हणाली. "तरी लोक फोन करून हीच जागा मागतात. असं काय करता तुम्ही इथं?"

"काही नाही," आर्नी म्हणाला. "जागा सपाट ठेवतो. ट्रेलरात अंडं घरंगळलं तर माणसाला झोप लागत नाही. फांद्या उंचावर छाटतो. न्हाणीघर व्हर्ना धुते, नव्या नवरीनं अनवाणी जावं असं. आणि दोन गाड्यांच्या मधे झाडं इतकीच की शेजाऱ्याचं घोरणं ऐकू येऊ नये, पण हाक ऐकू यावी."

"बस, एवढंच?"

"आणि निघताना कुणीतरी गाडी बघावी." तो थांबला. "ते आता माझ्याच्यानं होत नाही, शेरिल. मला मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. तुझी टोपी दिसते, तोंड दिसत नाही."

व्हर्नाला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

"मला आधी सांगायचं ना रे."

"सांगितलं असतं तर तू इथं येऊ दिलं असतंस?"

"दिलं नसतं."

"मग?"

शेरिलने पावाचा आणखी एक तुकडा मोडला.

"खांब काय, उद्या उभा राहील," ती म्हणाली. "पण फेरीशिवाय मी हा तळ उघडणार नाही. फेरी कोण घालणार ते सांगा."

"मी घालीन," व्हर्ना म्हणाली.

"आणि हे?"

"हा थाप मारेल. माझ्या थापेवर कोण विश्वास ठेवणार?"

शेरिल हसली. "मेमध्ये या दोघं," म्हणून उठली आणि उरलेला पाव कागदात गुंडाळून घेऊन गेली.

आठवड्याने हंगाम संपला, तळ बंद झाला. आर्नी सवयीने ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपच्या चालकाच्या दाराकडे गेला, तिथे जरा थांबला आणि त्याने किल्ली व्हर्नाच्या हातात दिली. ट्रेलरला चक्कर घालताना ती एकेक गोष्ट मोठ्याने सांगत गेली. "पायरी वर. अँटेना खाली. नळी आत. केबल आत. पिवळी आहे बरं का."

"ऐकलं," आर्नी म्हणाला.

ती पिकअपमध्ये चढून बसली. मागून थाप पडली, नेहमीसारखी, आणि व्हर्नाने गाडी सोडली. दहा पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं, नवरा मागेच राहिला.

तिने ब्रेक दाबला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "थाप मारलीस म्हणून निघाले."

"चुकलं माझं. आधी बसायला हवं होतं." तो हसत होता.

उतरून त्याचा हात धरावा असं तिला फार वाटलं, पण ती उतरली नाही. तिने त्याच्या बाजूचं दार आतून ढकलून उघडलं आणि आरशात बघत राहिली. आर्नी एक हात ट्रेलरच्या पत्र्यावरून फिरवत, सावकाश, दाराकडे येत होता.