एक्सलचे गट्टू

कारखान्यात लेथ चालवणाऱ्या टर्नरबाईच्या नवऱ्याला गाडीवरून पडायची सवयच लागली होती. तो मोटरसायकलवरून घरोघर पार्सलं पोचवायचा. दिवसाची एक पाळी, संध्याकाळची दुसरी, आणि यांच्यामध्ये कुठेतरी त्याचा डोळा लागायचा. सिग्नलला लागला तर ठीक. वळणावर लागला की गाडी आडवी. वेग बेताचाच, म्हणून हाडं शाबूत राहायची, पण पुढच्या चाकाच्या एक्सलची वाट लागायची. सुरुवातीला तो पडून आला की शेजारी धावत यायचे. पुढे कोणी दारही उघडेना. रोज मरे त्याला कोण रडे!

"अगं, तुझ्या लेथवर जगाची कामं होतात," तो म्हणाला, "माझ्या गाडीचंही काहीतरी बघ की."

तिने बघितलं. एक्सल आतून पोकळ होता. कारखान्यात उरलेला नायलॉनच्या दांड्याचा तुकडा तिने मागून घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत मुठीएवढे दोन गट्टू कातले. एक्सलमधून आट्यांची सळई आरपार घालून दोन्ही टोकांना ते कसले. नट मात्र गट्टूच्या पोटात खोल बसवले, नाहीतर नायलॉनच्या आधी लोखंडच रस्त्याला लागायचं. आता गाडी पडली तर गट्टू घासणार, एक्सल नाही. घासला की नवा करायचा.

काम झकास झालं. नवरा पुन्हा पडला, उठला आणि उरलेली पार्सलं वाटूनच घरी आला.

"गाडीला ओरखडासुद्धा नाही!" घासलेला गट्टू तो बक्षीस मिळाल्यासारखा दाखवत होता. कोपराची सालटी निघाली होती, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं. तिने नवी जोडी केली. तीही घासली.

तिसरी जोडी कातताना तिचा हात थांबला. पूर्वी गाडी पडली की गॅरेजात जायची. मेकॅनिक सुट्या भागांची वाट बघत बसायचा आणि तेवढे दिवस नवरा घरी झोपायचा, मेल्यासारखा. उठायचा तेव्हा माणसात आलेला असायचा, तिची थट्टा करायचा. ती सुट्टी त्याला कोणी दिलेली नव्हती, पडून मिळायची. आणि हिने हौसेने तीच बंद करून टाकली होती. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

त्या संध्याकाळी तो दोन पाळ्यांच्या मधे घरी आला आणि चहाचा कप हातात धरूनच पेंगायला लागला. ती पाने-पक्कड घेऊन खाली गेली. गाडी ठोकळ्यावर चढवली, गट्टू सोडवले, एक्सल ओढून काढला आणि वर आणला.

"वाकलाय," ती म्हणाली.

त्याने डोळे चोळत एक्सल फरशीवर लोटला. एक्सल गडगडत थेट भिंतीपर्यंत गेला, कुठेही न अडखळता. दोघंही तिकडे बघत राहिले.

"गट्टू असून?"

"असून."

"सरळ व्हायला किती दिवस?"

"कारखान्यात कामं तुंबलीत. लवकर काही जमायचं नाही."

मग त्याने मॅनेजरला फोन लावला. "गाडी बंद पडली साहेब. एक्सल वाकलाय. नाही, नक्की. बायको टर्नर आहे माझी, तिला कळतं."

फोन ठेवून तो बुटांसकट आडवा झाला.

"घाई करू नकोस गं," तो म्हणाला. "नीट सरळ कर."