चार भोकं आणि एक बांगडी

भोक पहिलं, पाच मिलिमीटर

अच्युत कानिटकरांच्या स्वादुपिंडाची शेपटी पोटाला चार भोकं पाडून दुर्बिणीतून काढली. गाठीसकट.

भोक दुसरं, तेही पाच

दहाव्या दिवशी इंद्रपुरीच्या घरी रिपोर्ट आला. गाठ साधी, कॅन्सर नाही. बायको सुहासिनी साखरेची वाटी घेऊन देवाकडे निघाली.

"थांब," अच्युत म्हणाला.

भोक तिसरं, बारा

चौतीस वर्षं त्याने कारखान्यात टर्बाइनचे सुटे भाग मोजून पास-नापास केले होते. रिपोर्टही त्याने तसाच वाचला.

"गाठ साडेपाच सेंटिमीटर. पोटावरचं सगळ्यात मोठं भोक साडेतीन. बाहेर आली कशी? हा रिपोर्ट माझा नाही."

"अहो, नाव तुमचं, नंबर तुमचा, शिक्का आहे."

"शिक्के मीही मारलेत."

त्याने डॉक्टरला फोन लावला.

"अंकल, थैली में डालके खींच लेते हैं. नरम चीज़ है, दबके निकल आती है."

"दबके म्हणे!" फोन आपटून अच्युत म्हणाला. मग खाली बघत, "दुसऱ्या कुणाची साधी निघाली असेल गं. माझा रिपोर्ट अजून यायचा असेल."

भोक चौथं, साडेतीन सेंटिमीटर. सगळं इथूनच बाहेर पडायचंय

सुहासिनीने वाटी ठेवली, हातातली एक हिरवी बांगडी उतरवली आणि ड्रॉवरमधला मापं घ्यायचा व्हर्नियर त्याच्यापुढे टाकला.

"मोजा."

"सत्तावन्न मिलिमीटर."

"आता माझा हात."

"अठ्ठ्याहत्तर."

तिने अंगठा आत दुमडला आणि बांगडी सर्रकन चढवली. "हाडांसकट. तुमच्या गाठीला तर हाडंही नव्हती."

अच्युत म्हणाला, "एका नगावर पास करत नाहीत. आण इकडे."

बांगडी त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी गेली आणि अडकली. पुढे नाही, मागे नाही.

"फोडू नका हं! नवीन भरलीय."

"अगं, मग साबण आण!"

इतक्यात शेजारचे विश्वनाथ पेरू घेऊन दारात. त्यांनी बांगडी पाहिली. टाक्यांवर बांधलेला पट्टा पाहिला. पुन्हा बांगडी पाहिली.

"अच्युतराव, ऑपरेशन नक्की कशाचं झालं?"

"स्वादुपिंडाचं!" अच्युत ओरडला. "साधी गाठ होती! कॅन्सर नाही मला!"

स्वतःच्या तोंडून ते ऐकून तो थबकला.

सुहासिनीने साबणाआधी साखर उचलली.