सॉस लावलेला सेगा

एप्रिलमध्ये मी नववीत गेले आणि ठरवून टाकलं, की आता कुणालाही घाबरायचं नाही. त्यामुळे जपानमधल्या आमच्या त्सुकुबाच्या वसाहतीच्या समितीचे अध्यक्ष ओकामोतो-सान जेव्हा शेजारच्या प्रल्हादकाकांच्या दारात उभे राहून, "हे वाद्य इमारतीत पुन्हा वाजलं तर फार वाईट वाटेल, पण ते कपाटात ठेवावं लागेल," असं कमरेत वाकून म्हणाले, तेव्हा मध्ये मीच तोंड घातलं.

"मग बोन ओदोरीला वाजवू द्या ना! तुमच्या कॅसेटपेक्षा शंभर पट भारी वाजवतात ते."

"उल्के, तुला वकील कुणी केलं?" मागून आई म्हणाली, पण मराठीत. त्यामुळे ओकामोतो-सानना वाटलं तीही पाठिंबाच देतेय.

बोन ओदोरी म्हणजे ऑगस्टमधला नाच. मैदानात मचाण बांधतात, भोवती युकाता म्हणजे पातळ सुती किमोनो घातलेल्या आज्या रिंगण धरतात आणि दर वर्षी त्याच कॅसेटवर त्याच पावलांनी फिरतात. कॅसेट एवढी झिजलीय, की मध्येच गायिका गुळण्या करतेय असं वाटतं.

आणि काका? काका मॉरिशसचे. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून तिथे उसाच्या मळ्यात गेले, म्हणून काकांचं मराठी जरा गमतीदार. इथे ते शेती संशोधन संस्थेत उसाचेच काहीतरी प्रयोग करतात. ते प्रयोग मला कळत नाहीत. त्यांचा सेगा मात्र कळतो! सेगा म्हणजे त्यांच्या बेटावरचं क्रिओल, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या, लोकांचं नाचगाणं. काकांना तो कुणी शिकवला नाही. लहानपणी समुद्रावर कोळ्यांचं वाजवणं बघून घरी येऊन बिस्किटाचा डबा बडवायचे. आता त्यात सगळं घालतात. गणपतीच्या आरतीतल्या झांजा, रेडिओवरची जपानी रडकी गाणी, परवा तर कचऱ्याच्या गाडीची धूनसुद्धा. काकांच्या मते जगातलं प्रत्येक गाणं हा सेगाच असतो, फक्त जरा आजारी पडलेला.

माझं ऐकून दारातल्या ओकामोतो-साननी एक बोट वर केलं. "एक गाणं. तेवढ्यात रिंगण तुटलं नाही, तर दर रविवारी सभागृह तुमचं. तुटलं, तर कपाट."

काकांनी माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं ते फक्त बाल्कनीत, आमच्यासमोर वाजवत होते. "पोरी," ते हळूच म्हणाले, "कपाटात ती बुरशी येऊन मरेल गो."

ती म्हणजे रावान. भल्यामोठ्या चाळणीएवढा डफ, वर बकरीचं कातडं. हवा दमट झाली की ते सैल पडतं आणि आधी विस्तवावर शेकावं लागतं. "हलगी शेकतात तसंच की," आई म्हणाली.

नाचाच्या दिवशी हवा अशी होती, की माझा युकातासुद्धा अंगाला चिकटला. आईनं रावानवर टिचकी मारली. "भावजी, हे ओल्या गादीसारखं वाजतंय."

मैदानात शेकोटीला बंदी! मग मी धावत जाऊन हेअर ड्रायर आणला आणि मचाणाखालच्या प्लगमध्ये खुपसला. तत्क्षणी मैदानातले सगळे कंदील विझले. ओकामोतो-सान टॉर्च घेऊन आले तेव्हा ड्रायर माझ्या ओबीत होता, म्हणजे युकात्याच्या पट्ट्यात, आणि मी आकाशातले तारे बघत होते.

त्यांनी फ्यूज बसवून कंदील पुन्हा लावले, पण ड्रायर बाद झाला. शेवटी उरली मोरिता-ओबासानची, म्हणजे मोरितामावशीची, याकितोरीची गाडी. कोंबडीच्या तुकड्यांच्या काड्या, खाली लाल निखारे. "ठेवा, ठेवा, कडेला जागा आहे," ती म्हणाली. काकांनी रावान निखाऱ्यांवर धरली. कातडं ताणलं गेलं, आवाज टणटणीत झाला, काका आनंदानं माझ्याकडे वळले, आणि ओबासानच्या हाताला जन्मभराची सवय! काड्या उलटता उलटता तिनं सॉसचा ब्रश रावानवरूनही फिरवला. दोनदा.

"आगो बाय! बकरीला मसाला लावला हिने!" काका ओरडले.

"गोमेन, गोमेन! हात आपोआपच गेला हो!" ओबासान माफी मागत म्हणाली, आणि पुसायला जे फडकं दिलं त्यावर आणखी सॉस होता.

तेवढ्यात भोंग्यावरून काकांचं नाव पुकारलं.

काका मचाणावर चढले. पहिली थाप पडली, पण हात चिकटून बसला. तो सुटेपर्यंत दुसरी थाप उशिरा, तिसरी आणखी उशिरा. धप्... च्यक्. धप्... च्यक्. आज्यांचे पाय कॅसेटच्या सवयीचे. पुढच्या थांबल्या, मागच्या त्यांच्या पाठीवर. ओकामोतो-सान टॉर्च लावून रिंगणाभोवती फिरायला लागले, फट कुठे पडतेय बघत.

 घाबरायचं नाही, असं ठरवलं होतं ना! मी रिंगणात उडी मारून सेगाची पावलं टाकायला लागले. "पाय उचलू नका! नुसते घसटा! दोन पुढे, दोन मागे! आणि कंबर!"

हे मी मराठीत ओरडले, हे मला नंतर कळलं.

माझं बघून अर्धं रिंगण मागे सरकलं. उरलेलं अर्धं पुढेच निघालं होतं. मध्ये जोरदार टक्कर! झालं, संपलं, कपाट, असं मला वाटलं. पण टक्कर झाल्यावर जपानी आज्या काय करतात? "सुमिमासेन!" म्हणून वाकतात. समोरचीही वाकते. मग पहिलीला पुन्हा वाकावं लागतं, आधीपेक्षा खोल. बघता बघता सगळं रिंगण एकमेकींची माफी मागत वाकत होतं.

वरून काकांनी ते बघितलं. त्यांनी चिकटणारा हात सोडवायची धडपडच सोडून दिली. वाकल्या की धप्, उठल्या की च्यक्! त्यावर क्रिओल गाणं, मध्येच रेडिओवरचा रडका हेल. आज्यांचं वाकणं तालात पडायला लागलं, पाय घसटायला लागले, आणि चक्क कंबरा हलल्या!

एका आजींचा धक्का ओकामोतो-सानना लागला. त्या वाकल्या. अध्यक्ष कसे वाकणार नाहीत? ते वाकले, तर डावीकडची वाकली, मग उजवीकडची. गाणं संपेपर्यंत त्यांना रिंगणाबाहेर पडताच आलं नाही.

"तुटलं नाही," ते घाम पुसत म्हणाले. "पण पुढेही गेलं नाही."

"पुढे जायचं असं कुठे ठरलं होतं?" मी म्हणाले. आईनं मला चिमटा काढला.

ओकामोतो-साननी टॉर्च बंद केला. "रविवारी दहा ते बारा. सॉस न लावता."

 मचाणावरून उतरलेल्या काकांनी हात जोडून ओकामोतो-सानना वाकून नमस्कार केला. ओकामोतो-सान वाकले. मागच्या आजींना वाटलं आपल्यालाच, म्हणून त्या वाकल्या, मग त्यांच्या शेजारची. रावान वाजतही नव्हती आणि रिंगण पुन्हा हलायला लागलं!

"उल्के, बघते काय गो," काका ओरडत मचाणाकडे पळाले. "मी चढेपर्यंत टाळ्या धर!"