वन्संच्या आकड्याला आकडा

वन्सं आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य. मी त्यांच्या हाताखाली, आणि घरी त्यांची धाकटी भावजय. पुरुषांच्या वीर्यतपासणीत नियम असा, की एकाच नमुन्यातले शुक्राणू दोघींनी आपापले मोजायचे, चिठ्ठ्या डॉक्टरांच्या डब्यात टाकायच्या. फार फरक आला तर पुन्हा मोजायचं.

तीन आठवडे फरकच नव्हता. वन्संना काय अभिमान! "नणंद-भावजयीचं इतकं कुठे जुळतं?"

त्या दिवशी डॉक्टरांनी दोघींना बोलावलं. टेबलावर आमच्या चिठ्ठ्या मांडलेल्या.

"काल दोघींना एकाच नंबरचे नमुने दिले होते. तुझा मी निम्म्याने पातळ केला होता," ते मला म्हणाले. "तरी आकडा तुझ्या वन्संएवढाच? हे कसं जमलं, बाई?"

माझे कान तापले. खोटं तर बोलायचं नव्हतं.

"सुरुवातीला माझे नेहमी जास्त यायचे," मी पुटपुटले. "मग वन्सं घरी दोन-दोन दिवस बोलायच्या नाहीत. त्यांच्या मोजणीच्या बटणाची टिकटिक, दर शुक्राणूला एक, मला ऐकू येते. मी तेवढेच लिहायला लागले."

"माझा मान राखत होतीस?" वन्सं उडाल्याच. "इथे?"

"तीन आठवड्यांचे सगळे पेशंट पुन्हा बोलवायचे," डॉक्टर म्हणाले. "आणि पहिला बाहेरच बसलाय."

काचेतून ते जोडपं दिसत होतं. मागच्या आठवड्यात आम्ही दोघींनी त्यातल्या नवऱ्याचा आकडा कमी दिला होता. आज दुसरा रिपोर्ट. हाही कमी आला तर महिनोन्‌महिने इंजेक्शनं आणि हेलपाटे. बायको त्याची कॉलर उगाचच नीट करत होती.

मला भांडारात बसवलं, दार लावून. टिकटिक नाही, वन्संची पाठ नाही. त्याचा आजचा नमुना मोजला. माझे एकशे सत्तर. वन्संचे एकशे अठ्ठावीस.

डॉक्टरांनी स्वतः मोजले. एकशे सहासष्ट.

वन्सं तडक सूक्ष्मदर्शकापाशी गेल्या. मग त्यांनी पुन्हा डोळा लावला. "चौकटीच्या डावीकडच्या रेघेवर बसलेलेही मोजायचे ना? मला ती रेघच दिसत नाहीये." नव्या चष्म्याची जाड कड नेमकी तिथे येत होती. चष्मा काढून, भिंगं जुळवून त्यांनी मोजले. एकशे अडुसष्ट.

"म्हणजे नॉर्मल," डॉक्टर म्हणाले. "जेमतेम, पण नॉर्मल."

रिपोर्ट द्यायला वन्सं स्वतः बाहेर गेल्या. मला वाटलं, मशीन बिघडलं होतं म्हणतील.

"मागच्या वेळी मी चुकले," त्या सरळ म्हणाल्या. "तुमचा आकडा चांगला आहे. इंजेक्शनं नकोत."

तो माणूस रिपोर्ट उलटसुलट करून बघू लागला. बायकोने त्याला कोपराने ढोसलं. "आठ दिवस तोंड पाडून बसला होतात! आता तरी जेवाल ना पोटभर?"

"तू वाढशील तर," तो म्हणाला, आणि दोघं हसत जिना उतरली.

वन्सं माझ्याकडे वळल्या. "उद्यापासून तू भांडारातच बसायचंस. आणि माझ्यापेक्षा वेगळं आलं तर तोंडावर सांगायचंस. कळलं?"

"हो, वन्सं."

"बघ! लगेच हो म्हणालीस!"

"बरं," मी म्हणाले, "मग नाही. भांडारात गुदमरतं. मी खिडकीपाशी बसेन, त्या भांडारात तुम्ही बसा."

वन्संनी डोळे वटारले. मग निमूटपणे आपलं स्टूल उचललं आणि भांडाराची वाट धरली.