शिताने चिकटलेले तिकीट

मित्रांनो, मी एक जुने टपाल तिकीट आहे. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, कणसाच्या सन्मानार्थ मला काढले होते. रंग एकच, मातकट लाल. पण रेघा अशा बारीक की कणसाचे दाणे मोजून घ्यावेत!

जव्हारच्या देवानंद गुरुजींनी मला आणले, तेव्हा संग्राहकांना असेच एकरंगी, कोरीव काम आवडे. गुरुजी मला चिमट्याने उचलत, कुणाचे बोट लागू देत नसत. कौतुकाने मी फुलून जाई. पण खरे सांगू? मला प्रवास करायचा होता. तिकिटाचा जन्म पत्रावर बसण्यासाठीच ना?

मग आवडी बदलल्या. गोल, चमचमणारी, चंदनाच्या वासाची तिकिटे आली. लोक तिकिटे बघायची सोडून हुंगू लागले! त्यात जव्हारच्या पावसाळी हवेने माझ्या पाठीवरचा डिंक गेला आणि माझी रवानगी अल्बममधून अदलाबदलीच्या डब्यात झाली. तिथे फार वाईट वाटे.

यंदा गुरुजींच्या पत्नी चंद्रकलाबाईंना मोखाड्याच्या भावाला, अर्जुनला, राखी धाडायची होती. त्यांनी डब्यातून मला उचलले, पाठीवर भाताचे शीत चोळले आणि पाकिटावर दाबून बसवले. टपाल कचेरीत माझ्यावर धप्पकन शिक्का बसला. केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

इकडे गुरुजींनी कपाळाला हात लावला म्हणे. "अगं, कोरं तिकीट होतं ते! आणि शीत लावलंस?"

"मंग? डिंक नव्हता त्याला. तिकीट लावायसाठीच असतं ना?"

राखीच्या दिवशी अर्जुन स्वतःच आला. "भाताची आवणी आटपली, म्हणून आलो. हा घे ताई, काकडीचा बी. तुझ्याच राखीच्या पाकिटात भरून आणलाय. त्याच्यावर तुझा अक्षर, कसा टाकू?"

पालघरची तरुण संग्राहक रोहिणी तेव्हा गुरुजींचा संग्रह बघत बसली होती. मला पाहताच ती उठलीच. "गुरुजी, आता आम्हाला अशीच आवडतात, पत्रावर फिरून आलेली! शिक्का किती स्पष्ट आहे! माझी चंदनाची सगळी घ्या, पण हे पाकीट द्या."

माझा जीव टांगणीला लागला. पुन्हा अदलाबदल? गुरुजींनी मला उचलले, चिमट्याशिवाय, हातानेच.

"ते हिचं आहे. हिलाच विचार."

चंद्रकलाबाईंनी बी वाटीत ओतले आणि पाकीट पदराने पुसले. "नाय द्यायचं. माझ्या भावाला भेटून आलंय ते."

आता मी अल्बमच्या पहिल्या पानावर आहे, पाकिटासकट. आवडी उद्या पुन्हा बदलतील, बदलू देत. मित्रांनो, आम्हाला जपा. पण एखाद्याला कुणाच्या तरी भेटीलाही पाठवा. डिंक नसला तर घरात शीत असतेच.